फिलिपिनो ताटातील काकडी : एका कोशिंबिरीचा इतिहास

श्रोतेहो, इतिहासावरील व्याख्यान म्हटले की एखादी लढाई, एखादा तह, निदान एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र ऐकावयास मिळेल अशी साहजिकच अपेक्षा असते. आज आम्ही विषय घेतला आहे काकडीचा. आणि तीही आपल्या परसातील काकडी नव्हे, पॅसिफिक महासागराच्या कडेला पसरलेल्या फिलिपाइन्स बेटांतील घरोघरच्या ताटात पडणारी काकडी. विषय क्षुल्लक वाटेल. तथापि मोठमोठे दस्तऐवज ज्या प्रश्नापाशी मुके होतात, तेथे अशा क्षुल्लक वस्तूच साक्ष देतात, हे आजच्या विवेचनाच्या ओघात आपल्या ध्यानी येईल असा आमचा विश्वास आहे.

प्रथम त्या देशाची थोडी ओळख करून घेऊ. सात हजारांहून अधिक बेटांचा हा देश. १५६५ मध्ये लेगास्पी या सेनानीने तेथे स्पेनच्या सत्तेचा पाया घातला, १५७१ मध्ये मनिला ही राजधानी झाली, आणि पुढे तीनशेहून अधिक वर्षे ती सत्ता टिकली. १८९८ च्या पॅरिसच्या तहात स्पेनने ही बेटे दोन कोटी डॉलर घेऊन अमेरिकेच्या हवाली केली. १९४२ ते १९४५ या काळात जपानने त्यांवर अंमल गाजवला आणि ४ जुलै १९४६ रोजी देश स्वतंत्र झाला. या साऱ्या घडामोडींची कागदपत्रे विपुल आहेत. गव्हर्नरांचे खलिते आहेत, धर्मोपदेशकांच्या बखरी आहेत, गलबतांच्या मालाच्या याद्या आहेत. परंतु या तीन-चार शतकांत रोज सकाळ-संध्याकाळ चुलीपुढे बसणाऱ्या स्त्रीचे दप्तर कोणी ठेवले नाही. जेत्याने जे जे आणले त्यांतील काय तिने स्वीकारले, आणि काय सोडावयाचे साफ नाकारले? हा प्रश्न लहान नाही. जित समाज म्हणजे कोरी पाटी असतो काय, या मोठ्या प्रश्नाचेच ते घरगुती रूप आहे. त्या स्त्रीची साक्ष काढावयाची तर तिच्या ताटाकडे गेले पाहिजे.

त्या ताटातील काकडीच्या कोशिंबिरीला तेथे ‘एन्सालादांग पिपिनो’ म्हणतात. कृती अगदी साधी. काकडीचे शेंडे कापून कापलेले तोंड तिच्याच अंगावर घासतात, म्हणजे कडवटपणा निघून जातो अशी समजूत. ही समजूत आपल्या घरीही आहेच. कडवट द्रव्य देठाकडच्या भागात अधिक असते, तेव्हा घासण्यापेक्षा तो भाग कापून टाकण्याचाच गुण अधिक, हे खरे. पण समुद्राच्या दोन टोकांना गृहिणींचे हात सारखेच चालतात याची मौज वाटते. मग साल पट्ट्यापट्ट्यांनी सोलतात, म्हणजे चकतीच्या कडेला हिरवा-पांढरा नक्षीदार काठ उमटतो. चकत्यांना मीठ लावून थोडा वेळ ठेवतात, सुटलेले पाणी पिळून काढतात, आणि वर शिरका, थोडी साखर, मिरपूड, कांद्याच्या पातळ चकत्या आणि आवडीप्रमाणे आल्याच्या काड्या, टोमॅटो किंवा एखादी झणझणीत लवंगी मिरची घालतात. दही नाही, दाण्याचे कूट नाही, फोडणी नाही. आंबट, गोड, खारट आणि थंड अशा चार गुणांवर तिची सारी भिस्त असते.

ही कोशिंबीर एकटी कोणी खात नाही. तिची जागा तळलेल्या किंवा धुरावलेल्या मासळीशेजारी, निखाऱ्यावर भाजलेल्या डुकराच्या मांसाशेजारी आणि वाफाळत्या भाताशेजारी. तेलकट, ओशट घास झाला की एक चकती तोंडात टाकायची. जीभ स्वच्छ होते आणि पुढला घास घ्यावासा वाटतो. युरोपी भोजनाप्रमाणे तेथे एकामागून एक पदार्थ येत नाहीत. आपल्याप्रमाणेच सर्व काही एकदम वाढले जाते, मधोमध भात असतो, आणि बाकीचे सारे भाताला लावून खाण्यासाठी असते. शिवाय शेजारी लहान वाट्यांतून आंबट-खारट तोंडीलावणी ठेवण्याची चाल आहे. तिला ‘साउसावान’ म्हणतात. काकडी-कांद्याचे बारीक तुकडे घातलेला शिरका हे त्यांतील एक नेहमीचे तोंडीलावणे. रस्त्यावरच्या तळणीच्या गाड्यांवरही ते मिळते. फिलिपिनो खाद्यसंस्कृतीच्या थोर अभ्यासक डोरीन फर्नांडेझ (१९३४–२००२) यांनी या चालीचे मर्म सांगितले आहे. त्यांच्या मते तेथे पदार्थ स्वयंपाकघरात पुरा होत नाही. खाणारा आपल्या जिभेप्रमाणे तो पानावर पुरा करतो, आणि रांधणाऱ्याला त्यात अपमान वाटत नाही.

आता या वाडग्यातील एकेका जिनसाचे नाव विचारू. नावे ही इतिहासाची नाणी आहेत. कोणत्या राजवटीत पाडली गेली ते त्यांच्यावर उमटलेले असते. ‘एन्सालादा’ स्पॅनिश. ‘पिपिनो’ म्हणजे स्पॅनिश ‘पेपिनो’. कांदा ‘सिबुयास’, तोही स्पॅनिश. टोमॅटो ‘कामातिस’, हा शब्द मूळचा मेक्सिकोतील नाहुआ लोकांचा, स्पॅनिशांच्या तोंडून आलेला. मिरी ‘पामिंता’, साखर ‘आसुकाल’, दोन्ही स्पॅनिश. एवढे ऐकून कोणीही म्हणेल की हा पदार्थच परक्यांचा आहे. पण थांबा. मीठ ‘आसिन’ आणि आले ‘लुया’, हे दोन्ही शब्द त्या बेटांचे स्वतःचे. आणि ज्याच्यावाचून हा पदार्थ उभाच राहणार नाही तो शिरका? त्याला तेथे म्हणतात ‘सुका’. आपल्या सुक्या मासळीशी त्याचा काही संबंध नाही. संस्कृतात आंबट द्रव्याला ‘चुक्र’ असा शब्द आहे. त्याचे रूप बदलत मलाय भाषेत ‘चुका’ झाले, आणि तेथून तागालोग भाषेत ‘सुका’ झाले, असे व्युत्पत्तिशास्त्र सांगते. आपल्या मंडईत मिळणारा आंबट ‘चुका’ हा त्याच चुक्राचा वंशज.

येथे एक विलक्षण योग आहे. ‘आसुकाल’ हा शब्द स्पॅनिश ‘आसुकार’वरून आला; तो अरबीतून, अरबी फारसीतून, आणि फारसीचे मूळ आपल्या ‘शर्करे’त. म्हणजे शर्करा हा शब्द पश्चिमेस निघाला. इराण, अरबस्तान, स्पेन असा प्रवास करीत अटलांटिक ओलांडून मेक्सिकोत उतरला, आणि आकापुल्कोहून निघणाऱ्या गलबतांबरोबर पॅसिफिक ओलांडून मनिलात पोहोचला. ही आकापुल्को–मनिला वाहतूक १५६५ पासून १८१५ पर्यंत चालू होती. चुक्र हा शब्द मात्र पूर्वेस निघाला आणि मलाय व्यापाऱ्यांच्या संगतीने त्याच बेटांना लागला. दोन सख्ख्या बहिणी विरुद्ध दिशांनी पृथ्वीप्रदक्षिणा करून एका वाडग्यात भेटाव्या, तसे हे झाले. आणि भेटल्या त्या कोठे, तर काकडीच्या अंगावर. कारण काकडीचे माहेरही हिमालयाच्या पायथ्याचे, असे वनस्पतिशास्त्र सांगते. तेथे आजही तिची रानटी, कडू जात आढळते.

मग काकडीला स्पॅनिश नाव का चिकटले? स्पॅनिश येण्यापूर्वी त्या भागात काकडी ठाऊकच नव्हती काय? तसे म्हणवत नाही. फिलिपाइन्सपासून इंडोनेशियापर्यंतच्या भाषांची तुलना करून विद्वानांनी काकडीसाठी ‘कातिमुन’सारखा एक अतिप्राचीन शब्द मांडला आहे. मलायमधील ‘तिमुन’ हा त्याचाच अवशेष. वेल जुनी आणि नाव नवे, असा हा प्रकार आहे. याला एक बळकट दाखला आहे. पेद्रो दे सान बुएनाव्हेंतुरा या धर्मोपदेशकाने १६१३ मध्ये तागालोग भाषेचा कोश छापला. शिरक्यात मुरवून शिजवलेले मांस त्याने तेथे पाहिले, आणि आपल्या ओळखीच्या शब्दाने त्याला ‘येथल्या लोकांचा आदोबो’ म्हटले. आज ‘आदोबो’ हा फिलिपाइन्सचा जवळजवळ राष्ट्रीय पदार्थ आहे. नाव स्पॅनिश, पण रीत त्याच्या आधीची. राज्यकर्ता आला की तो वस्तूंना आपली नावे देतो. बाजारात, कचेरीत, मठात तीच चालतात आणि हळूहळू घरात येतात. काकडीचेही असेच झाले असावे असे आमचे अनुमान आहे. नाव गेले, चव राहिली.

चव राहिली असे आम्ही म्हणतो ते कशाच्या आधारे? शिरक्याच्या. मॅगेलनबरोबर गेलेला इटालियन प्रवासी पिगाफेत्ता याने १५२१ मध्येच लिहून ठेवले आहे की या लोकांना नारळाच्या झाडापासून दारू, तेल आणि शिरका मिळतो. म्हणजे स्पेनची सत्ता रुजण्याच्या चार दशके आधी आंबट वाडगे तेथे भरलेले होते. आजही तेथील शिरका द्राक्षांचा नाही. माडीपासून होतो तो एक. खाडीच्या चिखलात वाढणाऱ्या निपा नावाच्या ताडवर्गीय झाडाच्या रसापासून होतो तो दुसरा, त्यासाठी बुलाकान प्रांतातील पाओम्बोंग गाव प्रसिद्ध आहे. आणि इलोकोस प्रांतातील उसाच्या रसाचा काळपट शिरका हा तिसरा. या तिसऱ्याच्या मागे ‘बासी’ ही उसाची दारू आहे. १७८६ मध्ये स्पॅनिश सरकारने तिची मक्तेदारी घेतली. घरी गाळण्यास बंदी केली आणि सरकारी दुकानातून विकत घ्यावयास लावले. १६ सप्टेंबर १८०७ रोजी पिद्दिग गावी लोकांनी बंड पुकारले. ते पंधरवड्याच्या आत चिरडले गेले. १८२१ मध्ये एस्तेबान व्हिलानुएव्हा या चित्रकाराने त्याची चौदा चित्रे काढली. ती आजही पाहावयास मिळतात. मिठावरील कराने काय होते हे ज्या देशाने अनुभवले, त्या देशातील श्रोत्यांना घरच्या घागरीवर सरकारने हात घातल्यावर माणसे का उठतात हे समजावून सांगण्याची गरज नाही.

या ठिकाणी आपल्या गोमंतकाकडे एक दृष्टिक्षेप टाकला तर मुद्दा अधिक उजळेल. गोव्यातही माडीचा शिरका होतो. पण तेथे त्याचे नाव ‘विनागर’, म्हणजे पोर्तुगीज ‘विनाग्र’. गोव्याची आंबटाची परंपरा आमसूल आणि चिंच यांची. शिरक्याचा स्वयंपाक पोर्तुगीजांबरोबर आला आणि येताना आपले नाव घेऊन आला. फिलिपाइन्समध्ये स्पॅनिश लोक तितकेच बलाढ्य होते, तरी ‘सुका’ची जागा त्यांच्या ‘विनाग्रे’ला घेता आली नाही, कारण ती जागा रिकामी नव्हती. दोन सागरी साम्राज्ये, दोन नारळी किनारे, एकच वस्तू. आणि नावे निराळी. रिकाम्या जागी परके नाव सहज बसते, भरल्या जागी बसत नाही.

आंबटाची ही परंपरा किती जुनी? ‘किनिलाव’ नावाचा एक पदार्थ आहे. ताज्या मासळीच्या, विशेषतः आपण सुरमई म्हणतो त्या जातीच्या, फोडी विस्तवावर न घालता शिरक्यात टाकतात. आंबटाने मांस पांढरे व घट्ट होते, जणू शिजते. मग आले, कांदा, मिरची, आणि अगदी वाढतेवेळी काकडी. आधी घातली तर तिचा करकरीतपणा जातो. काही ठिकाणी वर नारळाचे दूध घालतात. उत्तर मिंदानावमध्ये ताबोन-ताबोन या फळाचा गर वापरतात, त्याने मासळीचा उग्रपणा मारला जातो. याच पदार्थाचा शब्द १६१३ च्या त्या कोशात नोंदला आहे. त्याहूनही मागे जावयाचे तर बुतुआन येथील उत्खनन आहे. दहाव्या ते तेराव्या शतकातील त्या थरांत ताबोन-ताबोनच्या अर्ध्या कापलेल्या फळांचे आणि फोडी केल्यासारख्या माशांच्या काट्यांचे अवशेष सापडले, आणि त्यावरून हा पदार्थ सुमारे हजार वर्षांचा असल्याचे अभ्यासक मानतात. किनिलावमधील काकडी ही बाजूला बसलेली पाहुणी असेल. पण ज्या घरात ती बसली ते घर फार जुने आहे.

त्याच सुमाराचा एक कागद, खरे म्हणजे एक ताम्रपट, आपणास विशेष जवळचा वाटेल. १९८९ मध्ये लागुना प्रांतात तो सापडला. त्यावरील काल आहे शके ८२२, वैशाख कृष्ण चतुर्थी. शके, वैशाख, कृष्ण पक्ष. आपल्या पंचांगातील शब्द! लिपी जावा बेटाकडील कावी, भाषा मुख्यतः जुनी मलाय, आणि मजकूर एका कुटुंबाचे कर्ज फिटल्याचा. ‘सुका’ हा शब्द कोणत्या वाटेने आला असेल त्याचा माग येथे लागतो. तो कोणा दिग्विजयी राजाबरोबर आला नाही. देणी-घेणी करणाऱ्या, मलाय बोलणाऱ्या दर्यावर्दी लोकांबरोबर आला.

असाच दुसरा प्रवासी म्हणजे ‘आत्सारा’. कच्च्या पपईचा कीस, गाजर, आले आणि कित्येकदा काकडी, गोड-आंबट शिरक्यात मुरवून बरणीत ठेवतात, ते हे लोणचे. शब्द तोच, फारसीतील आणि हिंदीतील ‘अचार’; मलायमध्ये ‘आचार’. हा शब्द हिंदी महासागरभर किती पसरला होता याची एक साक्ष गोव्याची आहे. गार्सिया द ओर्ता या वैद्याचा ग्रंथ गोव्यात १५६३ मध्ये छापला गेला. त्यात तो सांगतो की हिरवा बिब्बा मिठात घालून मुरवतात, त्याला ‘आचार’ म्हणतात आणि तो बाजारात विकतात. गोव्यात बिब्बा, मनिलात पपई आणि काकडी. बरणीतील जिन्नस बदलला, बरणीवरचे नाव एकच राहिले.

आता या ताटातील मानापमानाचा प्रसंग सांगावयाचा आहे. काकडी-टोमॅटोच्या फोडींना तेथे ‘बागोओंग’ लावून खातात. बारीक मासळी किंवा जवळा भरपूर मीठ घालून महिनोन्महिने मुरवला की बागोओंग होतो. वास उग्र, चव खोल. अंतोनियो दे मोर्गा या स्पॅनिश अधिकाऱ्याने १६०९ च्या आपल्या ग्रंथात लिहिले, की या लोकांना मासा कुजू लागून दुर्गंधी सुटली म्हणजे अधिक आवडतो. पावणेतीनशे वर्षांनी होसे रिसाल हा तरुण फिलिपिनो वैद्य व लेखक लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये बसून त्या ग्रंथाची नक्कल करीत होता. १८९० मध्ये त्याने तो टिपांसह छापला, आणि या वाक्याखाली टीप दिली. हा पदार्थ म्हणजे बागोओंग; तो कुजलेला नसतो आणि नसावाही, हे ज्याने तो खाल्ला आहे तो जाणतो, आणि स्वतःला सवय नसलेल्या अन्नाची शिसारी दाखविणे हा पूर्वग्रह आहे, असा त्या टिपेचा आशय. ३० डिसेंबर १८९६ रोजी स्पॅनिश सरकारने रिसालला गोळ्या घालून ठार केले. राष्ट्रपुरुष म्हणून ज्याचे पुतळे आज गावोगाव उभे आहेत, त्याने एका तोंडीलावण्याच्या अब्रूसाठी लेखणी उचलली. कारण तुमचे अन्न कुजके आहे असे म्हणणारा मनुष्य तुम्ही राज्य करण्यास नालायक आहात हेच सांगत असतो.

अमेरिकन अमदानीत ताटाला दुसरीच शिकवण मिळू लागली. १९०१ च्या ऑगस्टमध्ये ‘थॉमस’ नावाच्या जहाजातून सुमारे पाचशे शिक्षक उतरले. शाळा निघाल्या, शाळांच्या बागा झाल्या, मुलींना गृहशास्त्र शिकविले जाऊ लागले. १९०२ मध्ये मनिलात सरकारी बर्फाचा कारखाना उभा राहिला. पुढे हवाबंद डबे आले, मेयोनेजची सॅलडे आली आणि सणासुदीच्या मेजावर बसली. रोजच्या मासळीशेजारी मात्र शिरक्यातली काकडीच राहिली. बर्फाचा उपयोगही लोकांनी आपल्या पद्धतीने केला : काकडीचा कीस, कालामान्सी या लहान लिंबाचा रस, साखर आणि बर्फ यांचे पेय तेथे उन्हाळ्यात आवडीने पितात.

या नव्या विद्येचा उपयोग स्वदेशासाठी करणारी एक स्त्री येथे स्मरणीय आहे. मारिया ओरोसा अमेरिकेत रसायनशास्त्र व औषधिशास्त्र शिकून मायदेशी परतली आणि तेथील फळे, भाज्या, कंद टिकवावे कसे याच्या शोधात तिने आयुष्य घातले. आयात केलेल्या डब्यांवाचून घर चालावे हा तिचा ध्यास. टोमॅटोऐवजी केळ्यांचे केचप ही तिचीच कल्पना. खेड्यापाड्यांतील स्त्रियांना पदार्थ टिकविण्याचे शिक्षण देण्याचे काम तिने संघटित केले. १३ फेब्रुवारी १९४५ रोजी मनिलाच्या रणधुमाळीत, इस्पितळात जखमी अवस्थेत असताना तोफगोळ्याच्या तुकड्याने तिचा अंत झाला. तिनेही राष्ट्राचा विचार बरणीपासून सुरू केला होता.

आता एक सावधगिरीची सूचना. ‘सुका’, ‘शके ८२२’ असे काही सापडले की आपली छाती फुगते, आणि सारी पूर्व आपणच सुसंस्कृत केली असे म्हणण्याचा मोह होतो. तो टाळला पाहिजे. त्रिनिदाद पार्दो दे तावेरा या फिलिपिनो विद्वानाने १८८७ मध्येच तागालोगमधील संस्कृत शब्दांवर पुस्तक लिहिले. तेव्हा हे ऋण त्यांनी आपणहून, अभिमानाने मोजले आहे. पण शब्द दिला म्हणजे वस्तूवर हक्क मिळत नाही. माडावर चढून रस काढणारे हात त्यांचे, मासळी केव्हा आंबटातून काढावी हे जाणणारी जीभ त्यांची. स्पॅनिशांनी काकडीला नाव दिले म्हणून ती कोशिंबीर स्पॅनिश झाली नाही. त्याच न्यायाने शिरक्याचे नाव संस्कृतोद्भव आहे म्हणून ती भारतीयही होत नाही. एक न्याय जेत्याला आणि दुसरा आपल्याला, असे इतिहासात चालत नाही.

आरंभी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आता देता येईल. त्या अनाम गृहिणीने नावे घेतली, कांदा-टोमॅटो घेतला, साखर घेतली, बर्फही घेतला. पण आंबटाचे माप कोणाला ठरवू दिले नाही. पारतंत्र्यात जे राखता येण्यासारखे होते ते तिने राखले, आणि त्याची कोठेही वाच्यता केली नाही.

आपली स्वतःची कोशिंबीरही याच दृष्टीने पाहण्यासारखी आहे. काकडी येथली, कोकणात तिला तवसे म्हणतात, तो संस्कृत ‘त्रपुस’. पण तिच्यातील दाण्याचे कूट आणि हिरवी मिरची या दोन्ही वस्तू अमेरिका खंडातून, पोर्तुगीजांच्या काळानंतर आपल्याकडे आल्या. त्यापूर्वी आपल्या पणज्यांच्या पणज्या काकडीत काय घालीत होत्या? मिरी, आले, ओले खोबरे? घरोघरच्या वृद्ध स्त्रियांना विचारून जे अजून आठवणीत आहे तेवढे तरी आपण वहीत उतरवून ठेवावे. दरबारांची दप्तरे राखण्यास संस्था आहेत. चुलीचे दप्तर राखण्याचे काम ज्याचे त्याने आपल्या घरी करावयाचे आहे.